महाराष्ट्राचा मध्य कोठें?

एखाद्या देशाचा मध्यबिंदु काढण्याची एक सोपी रीत सांगतात. प्रमुख शहरांचे अक्षांश व रेखांश मांडावे, दोहोंची वेगवेगळी सरासरी काढावी आणि जो बिंदु येईल त्यास मध्य म्हणावें. कागद, पेन्सिल व नकाशा एवढ्या सामग्रीवर हें काम घरीं होतें. आज ही रीत आपल्या महाराष्ट्रास लावून पाहूं.

मुंबई १९.० उत्तर व ७२.८ पूर्व; पुणें १८.५ व ७३.९, नाशिक २०.० व ७३.८, नागपूर २१.१ व ७९.१. या चारांची सरासरी १९.६५ व ७४.९. हा बिंदु नेवाशाच्या किंचित् उत्तरेस पडतो. आतां कोल्हापूर (१६.७, ७४.२), सोलापूर (१७.७, ७५.९), नांदेड (१९.२, ७७.३) आणि चंद्रपूर (२०.०, ७९.३) हीं शहरें मिळवा. आठांची सरासरी १९.० व ७५.८ येते; म्हणजे मध्य शंभराहून अधिक किलोमीटर आग्नेयेस सरकून थेट बीडला पोंचला!

कोणी म्हणेल, मोठ्या शहरास वजनही मोठें द्यावें. तेंही करूं. २०११ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती सुमारें १२४ लाख, पुण्याची ३१, नागपूरची २४ आणि नाशिकची १५ लाख होती. त्या प्रमाणांत पहिल्या चारांची सरासरी काढली, तर मध्य जुन्नरजवळ येतो.

भूमि तसूभरही हलली नाहीं. मध्य मात्र तीन जिल्ह्यांत फिरला. कारण उघड आहे. आपण सरासरी काढली ती भूमीची नव्हे, निवडलेल्या नांवांची. पुणें-सोलापूर मार्गावरील आमचें भांडगांव यांपैकीं एकाही यादींत नाहीं, आणि त्याच्यासारखीं हजारों गांवें नाहींत.

भूमीचा मध्य हवा असेल तर नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून सीमेबरोबर कापावा. कडेच्या एका जागीं टांचणी टोंचून तो मोकळा टांगावा, टांचणीस ओळंबा बांधून त्याच्या दोरीची रेघ आंखावी. दुसऱ्या जागेवरून तसेंच करावें. दोन रेघा जेथें छेदतील तो मध्य. फिजीसारख्या, १८० रेखांशाच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या देशांत तर निव्वळ सरासरी फारच फसवते: १७९ पूर्व व १७९ पश्चिम यांची सरासरी शून्य येते आणि मध्य अटलांटिक महासागरांत जाऊन पडतो!

हा केवळ पोरखेळ नव्हे. रुग्णालय, कचेरी किंवा धान्याचें गोदाम “मध्यवर्ती” ठिकाणीं असावें असें ठरतें, तेव्हां तो मध्य कोणत्या यादीवरून काढला, यावर कांहीं गांवांची पायपीट अवलंबून असते. म्हणून असा ठराव कानीं आला कीं आपण प्रथम विचारावें: हा मध्य भूमीचा, माणसांचा, कीं केवळ शहरांचा?