मोजपट्टी कोणाच्या मुलांची?

मूल नीट वाढते आहे की नाही, हे आजी नजरेने ओळखते. शासनाला मात्र आकडा लागतो. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. चीनमध्ये हा आकडा कसा ठरला ते वाचताना मला त्यात वैद्यकाइतकेच समाजशास्त्र आढळले, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९७५ साली चीनने सात वर्षांखालील निरोगी मुलांची मोजणी केली. त्यासाठी बीजिंग, शांघाय, वुहान, कुनमिंग अशी उत्तर, मध्य व दक्षिण भागांतील नऊ शहरे निवडली. पुढे दर दहा वर्षांनी त्याच शहरांत मोजणी होत गेली.

काम दिसते तितके सोपे नव्हे. वयाचेच घ्या. जुन्या चिनी रीतीने मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात आणि नववर्षाला त्यात एक मिळवतात. म्हणजे वर्षअखेरच्या दिवशी जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! तेव्हा जन्मतारखेवरून महिने मोजावे लागतात. उंचीचेही तसेच. तीन वर्षांखालच्या मुलाला फळीवर निजवून मोजतात. एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ करून सरकती फळी तळव्यांना टेकवायची. मोठ्याला उभे करतात. तेच मूल निजवले की सुमारे ०.७ सेंटिमीटर अधिक भरते. हे विसरले, तर निजलेल्यांच्या तक्त्यावर उभे मूल उगाच खुजे ठरायचे.

२००५ च्या मोजणीतील ६९,७६० शहरी मुलांवरून २००९ साली प्रमाणे प्रसिद्ध झाली. त्याआधीच, २००६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील मुलांवरून आपली मानके दिली होती. भारतातली मुले दिल्लीची. चीन त्यात नव्हताच. चिनी शहरी मुले या मानकांहून बहुतेक वयांत उंच व वजनदार भरली. त्यामुळे चिनी तक्त्यावर खुजे ठरणारे एखादे मूल जागतिक तक्त्यावर साधारण ठरू शकते.

मग खेड्यातल्या मुलाला शहरी पट्टी का लावावी, असे कोणी विचारील. माझ्या मते लावावीच. शहरांभोवतालच्या ग्रामीण मुलांचीही मोजणी होत आली आहे आणि शहरी मुलांशी असलेले त्यांचे अंतर घटत गेले. उंचीतली ती उणीव रक्तातली नव्हती, ताटातली होती. खेड्यासाठी वेगळी, आखूड पट्टी केली असती तर ती उपासमारच प्रमाण ठरली असती.

वजनाच्या बाबतीत मात्र हाच युक्तिवाद उलटतो. शहरातली मुले स्थूल होऊ लागली, की त्यांच्यावरून काढलेल्या तक्त्यात स्थूलपणही साधारण दिसू लागते. २०१५ च्या मोजणीवरून बेतलेली नवी प्रमाणे मार्च २०२३ पासून लागू झाली. त्यांतल्या उंचीच्या रकान्यापेक्षा वजनाचा रकाना मी अधिक संशयाने वाचते.