हिरवा दिवा आणि आपली मंडळी

मैत्रिणींनो, तुमच्या स्कूटरच्या काट्याशेजारी एक हिरवा दिवा लागतो का? पाहिलाय कधी? टीव्हीएसच्या ज्युपिटरला मूठ सावकाश फिरवली की हिरवा दिवा लागतो, जोरात पिळली की लाल. पेट्रोल बेतानं जळतंय की भसाभसा, हे गाडीच सांगते. उतू जायला लागलं की गॅस बारीक कर, असं सासूबाई सांगतात ना, तसंच.

पण सासूबाईंचं सगळे ऐकतात का? आंजीहून वर्ध्याला रोज जा-ये करणाऱ्या मंडळींना विचारून पाहा. "वीस वर्षं गाडी चालवतो, आता दिवा मला शिकवणार?" हा पहिला सूर. दुसरा असा, की कापसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना दिव्याकडे बघायचं की रस्त्याकडे?

हे दुसरं म्हणणं मला अगदी पटतं. तिथे लाल दिवा लागला तर लागू द्यावा. पेट्रोल वाचवायला अर्धवट रेस देऊन समोरून येणाऱ्या एसटीपुढे अडकायचं, ही कसली काटकसर? पहिलं मात्र नुसता मान-अपमान झाला. एसटीच्या डेपोत दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर झाले याचा हिशोब ठेवतात, त्याला केपीटीएल म्हणतात. रोज शेकडो माणसं नेणाऱ्या ड्रायव्हरभाऊंनाही तो चुकत नाही.

दुसरी सोय म्हणजे थांबल्यावर आपोआप बंद होणारं इंजिन. हिरोने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टला ती दिली. गाडी न्यूट्रलमध्ये थांबली की थोड्या वेळानं इंजिन बंद, क्लच दाबला की सुरू. होंडाच्या अॅक्टिवा १२५ ला मूठ फिरवली की सुरू होतं. रेल्वेच्या फाटकापाशी उभं राहून धूर काढण्यापेक्षा किती बरं! तरी हँडलवरचं तिचं बटण बंद करून फिरणारेच जास्त दिसतात. "बॅटरी उतरेल, सेल्फ बिघडेल," ही भीती. अहो, गाडी बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला असतो. इंजिन नीट तापल्याशिवाय ते आपोआप बंदच होत नाही. बॅटरी खरंच जुनी झाली असेल, तर ती बदलेपर्यंत बटण बंद ठेवा. त्यात काही वावगं नाही.

आता पैशांचं बोलू. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं अॅव्हरेज ४५ वरून ५० वर गेलं, तर सव्वादोन लिटर पेट्रोल वाचतं. लिटर शंभराच्या वर गेल्यापासून हे सव्वादोनशे रुपये होतात. घरात दोन गाड्या असतील तर दुप्पट. तेलाच्या पिशव्या मोजणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मात्र दिव्याचं कौतुक पंधरा दिवसांचं. मग डोळ्याला सवय होते आणि तो असून नसल्यासारखा. म्हणून माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीनं दुधाच्या वहीतच एक पान काढलं. टाकी फुल्ल करायची, काट्यावरचे किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करायची आणि मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागायचं. एक महिना गाडी तिच्याकडे, एक महिना यजमानांकडे. तिचं अॅव्हरेज जास्त निघालं! "टायरमध्ये हवा कमी होती," असं यजमान म्हणाले. (ते खरंही असेल, हवा कमी असली की पेट्रोल जास्त लागतंच.) तेव्हापासून दर रविवारी हवा तेच भरून आणतात, आणि वहीतलं पान कुणी बघत नाही असं पाहून हळूच उलटतात.