शल्यसीवन द्रव्ये, गुडघ्याच्या सांधेरोपणातील

गुडघ्याच्या सांध्याचे झिजलेले पृष्ठभाग काढून तेथे धातू व पॉलिएथिलीन यांचा कृत्रिम सांधा बसविल्यानंतर जखमेचे निरनिराळे थर जोडण्यासाठी वापरण्यात येणारे दोरे, धातूच्या पिना आणि चिकटद्रव्ये यांना ही संज्ञा लावतात. या शस्त्रक्रियेत जखम मिटविण्याला विशेष महत्त्व आहे. सूक्ष्मजंतू कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचल्यास त्याच्या पृष्ठावर चिकट पटल तयार करून त्यात आश्रय घेतात व तेथे औषधांचा परिणाम अपुरा पडतो. अशा वेळी सांधा उघडून धुवावा लागतो, क्वचित काढूनही टाकावा लागतो. कासारवाडीजवळच्या पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन झाला व तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन होऊ लागले. तथापि प्रतिजैविके कितीही प्रभावी असली, तरी ती जखम नीट मिटविण्याला पर्याय ठरत नाहीत.

पूर्वेतिहास : सुश्रुतसंहितेत शण, क्षौम (जवसाचा धागा), अश्मंतकाची साल, केस इत्यादींचे दोरे सांगितले आहेत. सांध्यांवर व कमी मांसाच्या जागी दोन अंगुळे लांबीची वाटोळी सुई वापरावी, असेही त्यात म्हटले आहे. १८६० नंतरच्या दशकात जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक अम्लाने संस्कारित केलेली तात (कॅटगट) प्रचारात आणली. ही तात जनावरांच्या आतड्यापासून करीत असल्याने तिच्याभोवती दाह अधिक होतो आणि ती किती दिवसांत विरघळेल, हे निश्चित सांगता येत नाही. १९७० नंतर पॉलिग्लायकोलिक अम्ल व पॉलिग्लॅक्टिन यांचे संश्लेषित दोरे उपलब्ध झाले. त्यांचे ऊतकांतील पाण्याने हळूहळू विच्छेदन होते, त्यामुळे त्यांच्या टिकाऊपणाचा अंदाज आधीच बांधता येतो.

जखमेचे थर : संधिकोश व त्यावरील कंडरामय आवरण हा सर्वांत खोल थर होय. गुडघा वाकविताना त्यावर मोठा ताण पडतो. हा थर उसवला, तर गुडघ्याची वाटी जागेवरून सरकू शकते आणि सांध्यातील द्रव बाहेर झिरपतो. त्यावर चरबीचा थर व त्वचा असते. गुडघ्यापुढील त्वचेखाली स्नायूंचे आच्छादन नसल्याने खोलवरचा दोष लपून राहत नाही. जमिनीवर मांडी घालून बसण्याच्या सवयीमुळे आपल्याकडील रुग्णांना गुडघा अधिक वाकावा अशी अपेक्षा असते. पुणे येथील अस्थिशल्यविशारद कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या गरजा लक्षात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. सांधा कोणताही असला, तरी शस्त्रक्रियेनंतर लवकरच व्यायाम सुरू करावयाचा असतो. त्यामुळे टाक्यांना हालचालीचा ताण सहन करावा लागतो.

द्रव्यांची तुलना : पॉलिग्लॅक्टिनाचा विणलेला दोरा मऊ असून त्याची गाठ घट्ट बसते. त्याचे ताणबल तीन आठवड्यांनी सुमारे निम्मे उरते व ५६ ते ७० दिवसांत तो शोषला जातो. मात्र विणीतील फटींत सूक्ष्मजंतूंना आसरा मिळू शकतो. पॉलिडायऑक्सानोनाचा एकतंतू दोरा या दृष्टीने सरस आहे व त्याचे बलही अधिक काळ टिकते. परंतु तो ताठर असल्याने गाठ काळजीपूर्वक मारावी लागते. काटेरी दोऱ्याला गाठ लागत नाही. त्यावरील सूक्ष्म काटे ऊतकांत रुतून ताण सर्वत्र सारखा वाटतात. त्यामुळे शस्त्रक्रियेचा वेळ काही मिनिटांनी कमी होतो, मात्र दोऱ्याची किंमत जास्त असते. खोल थरात तो समाधानकारक ठरला आहे. त्वचेलगतच्या थरात वापरल्यास जखमेच्या तक्रारी वाढतात, असे काही अभ्यासांत आढळले, तर इतर अभ्यासांत तसे दिसले नाही.

त्वचेसाठी नायलॉनाचे सुटे टाके, धातूच्या पिना, पॉलिग्लेकॅप्रोनाचा त्वचेखालून घातलेला सलग टाका किंवा सायनोॲक्रिलेट हे चिकटद्रव्य वापरतात. पिना सर्वांत लवकर लागतात, पण नायलॉनाच्या टाक्यांप्रमाणे त्या सामान्यतः दोन आठवड्यांच्या सुमारास काढाव्या लागतात. २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात अस्थिशल्यातील ६८३ जखमांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. पिनांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असे त्यात दिसले. तथापि हा फरक मुख्यतः नितंबाच्या शस्त्रक्रियांत होता आणि मूळ अभ्यासांत उणिवाही होत्या. म्हणून तो निष्कर्ष गुडघ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

निवड : सर्व थरांना सारखाच योग्य असा एकही दोरा नाही. खोल थर द्रव झिरपणार नाही असा मिटविणे, पोकळी न ठेवणे आणि त्वचेच्या कडा ताण न देता जुळविणे, या गोष्टी दोऱ्याच्या प्रकाराइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाच्या आहेत. मधुमेह, संधिवाताभ, स्थूलता व धूम्रपान यांमुळे जखम भरण्यास विलंब लागतो, म्हणून अशा रुग्णांत टाके उशिरा काढतात. शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात दिवसांनीही जखमेतून स्राव येत असल्यास, किंवा लाली व वेदना वाढत गेल्यास, घरी प्रतिजैविके घेत थांबू नये. शल्यचिकित्सकाने ती जखम तातडीने तपासणे आवश्यक असते. वेळीच उपचार झाल्यास कृत्रिम सांधा पुष्कळदा वाचविता येतो.