ज्योत निळी हवी

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. त्या वासाच्या भरवशावर आपण निर्धास्त राहतो. पण सर्दी झालेल्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला तो येईलच असं नाही.

आणि एका धोक्याला तर वासच नाही. दिवाळीची बासुंदी असो की ईदचा शीरखुर्मा, दूध उतू गेलं की बर्नरची छिद्रं बुजतात. ज्योत पिवळी होते, भांड्यांची बुडं काळी पडतात. म्हणजे गॅस अर्धवट जळतो आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. स्वयंपाकघरात खिडकी उघडी असते म्हणून निभावतं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचं तसं नाही. तिथे हा वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो; ओरडायलाही सवड मिळत नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि दरवर्षी जाणत्या मेकॅनिककडून साफ करून घ्यावा.

शेगडीची नळी? ती तुटेपर्यंत वापरायची, असा आपल्याकडे रिवाज! आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळीसुद्धा ५ वर्षांनी बदलायची असते. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून गळती शोधणारे अजून भेटतात, त्यांना दुरूनच नमस्कार. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.