मोटारीचा दिवा आणि समोरच्याचा रस्ता



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे बोनस, महागाई भत्ता नाहीतर संप यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असेल. आम्ही मात्र आज मोटारीच्या पुढच्या दिव्यांविषयी बोलणार आहोत. आम्ही इंजिनिअर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे यंत्रज्ञान मिळाले ते गॅरेजच्या ओट्यावर बसून, मिळतील ती पुस्तके वाचून आणि चुका करून. त्यांतली एक चूक आधी सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी युनियनच्या कामासाठी आम्ही एक जुनी गाडी घेतली. साखर कारखान्यांच्या गावी सभा रात्री होत, परतायला मध्यरात्र उलटे. दिवे मिणमिणते होते. एका फिटरने सल्ला दिला, "भाऊ, ६०/५५ वॅटचे बल्ब काढा, १००/९० चे टाका, रात्रीचा दिवस होईल." आम्ही ते टाकले. उजेड पडला आणि आम्ही खूष झालो. आठवड्याच्या आत एका अरुंद रस्त्यावर समोरून येणारा सायकलस्वार आमच्या डोळ्यांदेखत चारीत गेला. गाडी थांबवून पाहतो तो रात्रपाळीला निघालेला आमचाच एक सभासद, रोजंदारीवरचा. मनगट मोडले होते. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, तुमचा उजेड आला आन् माझा रस्ता गेला."

सहा आठवडे त्याला काम नव्हते, म्हणजे मजुरीही नव्हती. इतरांच्या नुकसानभरपाईसाठी भांडणाऱ्या आम्ही एका कामगाराची मजुरी स्वतःच्या हाताने बुडवली होती. ती आम्ही भरून दिली. पण चूक नेमकी कोठे झाली हे समजून घेतल्याशिवाय चैन पडेना.

प्रथम दिव्याची घडण पाहू. एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवून एक लांबच्या व दुसरी जवळच्या उजेडासाठी वापरण्याची युक्ती १९२५ साली युरोपात बाजारात आली. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांत दिसणारा 'एच-४' नावाचा हॅलोजन बल्ब १९७१ चा. त्यातही दोन तारा असतात : ६० वॅटची अपरची, ५५ वॅटची डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची चमच्यासारखी लहान वाटी असते. या वाटीमुळे तारेचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तेथून परतून खाली रस्त्यावर जातो. खालच्या भागावर पडला असता तर तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. म्हणून डिपर लावून गाडी भिंतीसमोर उभी केली की खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. या रेघेतच सारे मर्म आहे.

ती रेघ सरळ नसते. आपण डाव्या बाजूने गाडी हाकतो, म्हणून ती डावीकडे थोडी वर चढते. पायी चालणारा माणूस, बैलगाडी, रस्त्याची कड यांवर उजेड लांबवर पडावा आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, असा तिचा हेतू आहे. उजव्या बाजूने गाडी हाकणाऱ्या देशांसाठी केलेले दिवे आपल्याकडे बसवले की हीच चढण समोरच्याच्या तोंडावर जाते. स्वस्तात मिळालेला परदेशी दिवा घेताना हे अवश्य तपासावे.

आता आमच्या चुकीकडे येऊ. १०० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर आठ अँपियरहून अधिक प्रवाह ओढतो. दोन मिळून सुमारे सतरा. जुन्या गाडीत हा सगळा प्रवाह बारीक वायरींतून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचातून जातो. वायर तापते, स्विच जळतो, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो. मुख्य म्हणजे दिवा मंद असण्याचे कारण बहुधा बल्ब नसतोच. तारेच्या बल्बला मिळणारा दाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. आम्ही मीटर लावून पाहिले, तेव्हा बॅटरीवर पुरेपूर असलेला दाब बल्बपर्यंत पोहोचताना गळून जात होता. कामगाराला उपाशी ठेवून तो आळशी आहे म्हणावे, तसे आम्ही बल्बला दोष देत होतो.

यावरचा उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट दिव्यापर्यंत न्यायची आणि मध्ये रिले बसवायचा. स्विचमधून जाणारा थोडासा प्रवाह रिलेला केवळ हुकूम देतो. भार रिले वाहतो. दिव्याची अर्थिंगची वायरही साफ व घट्ट हवी. एवढे केल्यावर साधे ६०/५५ चे बल्बच असे पेटले की आम्हांला आमचीच लाज वाटली.

सुधारणेचा क्रम असा ठेवावा. आधी काच पाहावी. हल्लीच्या गाड्यांची 'काच' प्लॅस्टिकची असते आणि उन्हाने ती पिवळी पडते. ती घासून पॉलिश करावी, फारच गेली असेल तर बदलावी. मग रिफ्लेक्टर पाहावा. त्याचा मुलामा उडाला असेल तर कोणताही बल्ब व्यर्थ. मग वायरिंग. बल्ब सर्वांत शेवटी, आणि दोन्ही एकदम बदलावेत. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटांचे तेल लागलेल्या जागी काच जादा तापते आणि बल्ब लवकर जातो.

बाजारात सध्या हॅलोजनच्या होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब पुष्कळ मिळतात. ज्या दिव्याची घडण मुळातच एलईडीसाठी झाली आहे त्याविषयी आमची तक्रार नाही. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर हा त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो. तेथे पट्टीच्या दोन बाजूंना ठिपके चिकटवलेला बल्ब घातला की जागा चुकते, रेघ विस्कटते आणि उजेड वर उधळतो. ड्रायव्हरला वाटते, काय लख्ख दिसते! पुष्कळदा तो उजेड गाडीच्या पुढ्यातच सांडलेला असतो. लांबचे कमीच दिसते.

आता फोकस बसवणे. बल्ब वा दिवा बदलला की हे करावेच लागते. त्याला सपाट जमीन, उभी भिंत, मोजपट्टी आणि खडू एवढे पुरते. टायरांत योग्य हवा भरावी, डिकीतले ओझे काढावे, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवावा आणि गाडी दाबून हलवावी, म्हणजे स्प्रिंगा जागी बसतील. आत दिवे वरखाली करणारे चाक असेल तर ते शून्यावर ठेवावे. गाडी भिंतीसमोर सरळ उभी करून दिव्यापासून भिंतीपर्यंत १० मीटर अंतर घ्यावे. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजून ती भिंतीवर मांडावी. समजा ती ६५ सेंटिमीटर आली, तर त्याखाली १० सेंटिमीटरवर, म्हणजे ५५ वर, आडवी रेघ काढावी. प्रत्येक दिव्याच्या नेमकी समोर एक उभी रेघही काढावी. मग डिपर लावून, एका दिव्यासमोर पुठ्ठा धरून, दुसऱ्याचे स्क्रू फिरवावेत : एक वरखाली करतो, दुसरा डावीउजवीकडे. उजेडाची सपाट कड आडव्या रेघेवर यावी आणि डावीकडची चढण उभ्या रेघेपासून सुरू व्हावी. काही गाड्यांत दिव्याजवळ उताराचा आकडा टक्क्यांत छापलेला असतो. असल्यास तोच धरावा.

हे १० सेंटिमीटर क्षुल्लक वाटतील. पण १० मीटरला १० सेंटिमीटर उतार म्हणजे ६५ सेंटिमीटर उंचीचा उजेड ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. तोच दिवा एक अंश वर राहिला तर उजेड जमिनीला टेकतच नाही. तो वर चढत जातो आणि ७० मीटरवर सुमारे १ मीटर १७ सेंटिमीटर उंची गाठतो. समोरच्या मोटार हाकणाऱ्याचे डोळे तेथेच असतात. दिपलेले डोळे सावरायला दोनतीन सेकंद धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने तो माणूस पन्नास मीटरपर्यंत आंधळा धावतो. मागच्या बाकावर चार पाहुणे आणि डिकीत सामान भरले की गाडीचे नाक असेच वर उचलले जाते. आतले चाक त्यासाठीच दिलेले आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. डिपरचा उजेड ६५ मीटर. ताशी ८० च्या वेगाने धोका दिसून ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही सत्तरएक मीटर जातात. ऊस भरलेली बिनदिव्याची बैलगाडी समोर असेल तर उत्तम फोकसही वाचवणार नाही. तेथे वेगच कमी केला पाहिजे.

कायदाही याबाबत गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम पुढचा दिवा समोरच्याला दिपवणार नाही असा खाली वळलेला किंवा वळवता येणारा असावा, असे सांगतो. ८ मीटरवर उभ्या माणसाचे १.५ मीटर उंचीवरचे डोळे हे त्याचे माप. पण दंडाची पावती मिळते ड्रायव्हरला आणि बल्ब कोणता घालायचा हे ठरवतो मालक. म्हणून पुढे आमच्या ड्रायव्हरांच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले : दर सहा महिन्यांनी फोकस मालकाच्या खर्चाने तपासावा. वाटाघाटींत त्याला प्रथम हसले. नंतर ते मान्य झाले.

आमच्या गाडीचा फोकस बसवला त्या रात्री आम्ही त्याच सभासदाकडे गेलो. त्याला सायकल घेऊन त्याच रस्त्यावर समोरून यायला सांगितले आणि डिपर लावून उभे राहिलो. तो जवळ आला, पाय टेकवले, म्हणाला, "आता चारी दिसतीय, भाऊ." आमच्या मते हीच खरी तपासणी. भिंतीवरची रेघ जमली की एकदा आपल्या घरच्या माणसाला गाडीसमोर, पन्नास पावलांवर उभे करावे आणि त्याला काय दिसते ते विचारावे.