अली, मार्सियानो आणि सत्तावन्न किलोंचे खाशाबा
खेळ आणि माप : लेखांक सहावा

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये गेल्या शनिवारी कॉलेजची दोन मुलं तावातावाने भांडत होती. मोबाइलवर जुन्या लढती बघून एकाचं पक्कं मत झालं होतं, की माइक टायसनसमोर मुहम्मद अली तीन राउंडही टिकला नसता. दुसरा म्हणत होता, टायसनचा ठोसा अलीपर्यंत पोचलाच नसता. धक्का आला, माणसं उतरायला लागली, तरी दोघांचं चालूच होतं. मी मध्ये पडलो नाही, पण या आठवड्याचा विषय तिथेच ठरला.

गेल्या लेखांकात आपण धावपटू पाहिले. ट्रॅक बदलले, बूट बदलले, तरी शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर आणि सेकंद म्हणजे सेकंद. बॉक्सिंगमध्ये असं काही हाताला लागत नाही. बॉक्सर मोजायचा तो समोरच्या बॉक्सरने, आणि समोरचा बदलला की मापच बदललं.

रॉकी मार्सियानो घ्या. हा अमेरिकन हेवीवेट जगज्जेता ४९ लढती लढला, ४९ जिंकला आणि १९५६ मध्ये निवृत्त झाला. त्याचं वजन असे साधारण ८५ किलो. आजच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ९०.७ किलोपर्यंतचा बॉक्सर क्रूझरवेट गटात जातो. म्हणजे हेवीवेटचा हा अपराजित राजा आज खालच्या गटात खेळला असता. ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्यूरी २०२० मध्ये अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध उतरला तेव्हा त्याचं वजन १२० किलोंच्या वर होतं. मार्सियानो आणि फ्यूरी यांना एका रिंगमध्ये सोडणं ही तुलना नव्हे, अन्याय आहे.

वजन निदान डोळ्यांना दिसतं. नियमांचं तसं नाही. २३ सप्टेंबर १९५२ रोजी मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून जगज्जेतेपद घेतलं. बारा राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागे होता. तेराव्या राउंडला उजव्या हाताचा एकच ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरांवर कोसळला. तेव्हा जगज्जेतेपदाची लढत पंधरा राउंडची असे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांनी वारला. त्यानंतर एकेका संघटनेने लढत बारा राउंडांवर आणली. आजचा नियम १९५२ मध्ये असता, तर मार्सियानो त्या रात्री गुणांवर हरला असता आणि ४९-० हा आकडा जन्मालाच आला नसता. तो आकडा मार्सियानोचा आहे, तितकाच पंधरा राउंडांच्या नियमाचाही आहे.

दोन काळ कधीकधी खरोखरच समोरासमोर येतात. १९५१ मध्ये याच मार्सियानोने माजी हेवीवेट जगज्जेत्या जो लुईला आठव्या राउंडला खाली पाडलं. लुई तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि कराच्या कर्जापायी रिंगमध्ये परतला होता. १९८० मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या लॅरी होम्सने अडतीस वर्षांच्या अलीला दहा राउंड मारलं, अखेर अलीच्या कोपऱ्यातूनच लढत थांबवण्यात आली. या लढतींतून कोण मोठा हे कळत नाही. वय काय करतं, एवढंच कळतं.

मग यंत्राला विचारावं असं १९६९ मध्ये एका अमेरिकन निर्मात्याला वाटलं. व्हिएतनाम युद्धाच्या भरतीला नकार दिल्यामुळे अलीचा परवाना काढून घेतलेला होता आणि त्याला पैशांची गरज होती. मार्सियानो पंचेचाळिशीत होता. दोघांना मायामीत एकत्र आणून एकेक मिनिटाचे सत्तरच्या आसपास राउंड चित्रित केले, वेगवेगळे शेवटही चित्रित केले, आणि दोघांची माहिती संगणकात भरली. २० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत निकाल दाखवला गेला: मार्सियानो विजयी, तेराव्या राउंडला. तो बघायला मार्सियानो नव्हता. ऑगस्ट १९६९ च्या शेवटच्या दिवशी विमान अपघातात तो गेला होता. संगणकाने काही शोधलं असं मला वाटत नाही. कोणत्या गुणाला किती वजन द्यायचं हे माणसांनीच ठरवलं होतं, आणि बाहेर आलं ते त्यांचंच मत.

करंजा बंदरावर माझ्या ओळखीचे एक वृद्ध तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, आहेत. शिडाच्या होडीपासून इंजिनाच्या ट्रॉलरपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं आहे. जुने तांडेल मोठे की आताचे, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘आधी होडी कुठली ते सांगा. शीड असेल तर वारा बघायचा, पाण्याचा रंग बघायचा, पाखरं कुठे उतरतात ते बघायचं. आता जीपीएस आहे, मासळी दाखवणारं यंत्र आहे. आजच्या पोराला शिडाच्या होडीत बसवून हसू नका, आणि माझ्या बापाला यंत्र कळत नाही म्हणूनही हसू नका.’ तुलनेचा याहून चांगला नियम मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

हा नियम लावून बघण्यासाठी बॉक्सिंगची सख्खी बहीण असलेल्या कुस्तीकडे येऊ, कारण तिथे आपल्याकडे दुर्मीळ जोडी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो फ्रीस्टाइल गटात कांस्यपदक मिळवलं. हरयाणाच्या अमन सेहरावतने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५७ किलो फ्रीस्टाइल गटातच कांस्यपदक मिळवलं. गट तोच, प्रकार तोच, पदक तेच, मध्ये ७२ वर्षं.

आता तांडेलांचा प्रश्न विचारू: होडी कुठली? अमन दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये लहानपणापासून मॅटवर वाढला. उपांत्य फेरी हरल्यावर त्याचं वजन साडेचार किलोंहून जास्त वाढलेलं निघालं, आणि प्रशिक्षकांनी रात्रभर त्याच्याबरोबर जागून सकाळपर्यंत ते उतरवलं. त्यामागे अख्खी यंत्रणा उभी होती. खाशाबांचा हात लाल मातीत घडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. हेलसिंकीला जायचे पैसे गावोगाव वर्गणी मागून जमवले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

स्पर्धेची रचनाही वेगळी. आज एका वजनगटात दोन कांस्यपदकं दिली जातात, तेव्हा एकच होतं. आज कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत संपते, तेव्हा ती कितीतरी लांब चाले. शेवटच्या टप्प्यात खाशाबांसमोर जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव होते. इशींबरोबरची दमवणारी कुस्ती हरल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. तक्रार करायला त्यांच्या बाजूने कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता. इशींना सुवर्ण मिळालं, मामेदबेकोवना रौप्य.

माझा निकाल मी स्पष्ट सांगतो. १९५२ चे खाशाबा आजच्या मॅटवर, आजच्या नियमांत अमनसमोर उतरले तर अमन जिंकेल. त्याचा वेग, त्याचा दम आणि सात दशकांत साठलेलं डावपेचांचं ज्ञान खाशाबांना मिळालेलंच नाही. पण कोण कोणाला पाडेल हा एक प्रश्न आणि कोण मोठा हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर शोधताना त्याच काळातल्या, त्याच होडीतल्या इतरांपेक्षा तो किती पुढे गेला, हे बघावं लागतं. अमनच्या आधी त्याच गटात रवी दहियाने टोकियोत रौप्य मिळवलं होतं, वाट मळलेली होती. खाशाबांच्या पुढे वाट नव्हती, आणि त्यांच्या मागून बराच काळ कोणी आलंही नाही. म्हणून माझ्या लेखी खाशाबा मोठे. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते १९९६ मध्ये, लिअँडर पेसला, टेनिसमध्ये. कुस्तीत दुसरं पदक सुशीलकुमारने बीजिंगला आणलं, २००८ मध्ये. मधली वर्षं छप्पन्न.