बनारसी नक्शा आणि संगणकाचे दफ्तर

महाराष्ट्रातील लग्नघरांत ज्या बनारसी शालूचा मान पिढ्यानपिढ्या अबाधित राहिला आहे, त्याच्या वेलबुट्टीमागे ज्ञानसंचयाची एक विलक्षण परंपरा उभी आहे. वाराणसीच्या मदनपुरा, अलईपुरा अशा विणकरवस्त्यांत पूर्वी नक्शाबंद हा कारागीर कागदावरील चित्र सुताच्या गुंफणीत उतरवीत असे. ताण्याचा कोणता धागा केव्हा उचलावयाचा, याचा समग्र तपशील त्या सुती नक्शात साठविलेला असे, आणि त्याबरहुकूम मागावरचा मदतनीस दोऱ्या ओढीत असे.

पुढे 1804 च्या सुमारास फ्रान्समधील ल्यों येथे जाकार याने सिद्ध केलेली, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी यंत्ररचना विसाव्या शतकात बनारसच्या मागांवर रूढ झाली, आणि नक्शाची जागा ‘पत्त्यां’नी घेतली. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मग पत्ते कापण्याचे हे किचकट काम आता संगणक करू लागला आहे. डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनने तर विणकरांसाठी ‘डिजीबुनाई’ ही मुक्त संगणकप्रणालीच निर्माण केली आहे. पत्ता झिजला किंवा फाटला, तरी नक्शा आता नष्ट होण्याचे कारण नाही.

परंतु नक्शा म्हणजे विणकराची सगळी विद्या नव्हे. कढुआ विणीत प्रत्येक बुट्ट्यासाठी स्वतंत्र तिल्लीवरची, म्हणजे छोट्या कांडीवरची, जर हाताने फिरवावी लागते. फेकुआत धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो आणि मागचे मोकळे धागे नंतर कापले जातात. कोणत्या बुट्ट्याला कोणती वीण शोभेल, रेशीम किती ताण सोशील, हा विवेक बोटांत मुरलेला असतो, आणि जो संगणक केवळ उचललेल्या व न उचललेल्या धाग्यांची नोंद ठेवतो, त्याच्या दफ्तरी त्या विवेकाची दखल होत नाही. शिवाय तीच नोंद यंत्रमागाच्या हाती गेली, तर ज्याच्या ज्ञानावर ती उभी आहे, त्याच्याच रोजीरोटीवर गदा येते. बनारसी ब्रोकेड व साड्यांना 2009 साली भौगोलिक मानांकन लाभले; त्याने नावाचे रक्षण होते, कारागिराला मोबदला मिळेलच याची हमी त्यातून मिळत नाही.

म्हणून संगणकाच्या प्रत्येक नक्शासोबत नक्शाबंदाचे आणि विणकराचे नाव, त्यांनी निवडलेल्या विणीची कारणे व त्यांच्या हातांचे चित्रण जतन व्हावे, आणि त्या नक्शाच्या पुनर्वापरातील हिस्सा त्यांना हक्काने मिळावा. हे घडले तरच ही विद्या टिकेल. एरवी नक्शे सुरक्षित राहतील आणि ते विणणारे हात मात्र अन्य व्यवसायाला लागतील. शालू घेताना आपणही तो हातमागावरचा आहे काय, कढुआ आहे काय, हे अवश्य विचारावे आणि त्या श्रमाचे रास्त मोल आनंदाने द्यावे.